माझ्या वाट्याला आलेली आई

"मॅडम, आई जाऊन दीड महिना झाला. मला अजून रडूच आलेलं नाही. माझ्यात काही बिघडलंय का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा घरातली सगळ्यांत कर्ती मुलगी असते. ही हकिकत अशाच एका ताईंची. त्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

वय चाळिशीच्या आसपास, बँकेत नोकरी, घर नाशिकच्या इंदिरानगरला. आई विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिका. निवृत्तीनंतरही त्यांची शाळा सुटली नव्हती. त्या गेल्या त्या दिवसापासून सगळं ताईंनीच निभावलं. रामकुंडावरचे विधी, तेराव्याचं जेवण, बाबांच्या गोळ्या, पेन्शनचे कागद. भेटायला माणसांची रीघ लागली होती. सिन्नर, ओझर, देवळाली कॅम्प, कुठून कुठून जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील आले. ते हुंदके देत आणि ताई त्यांना पाणी देत. एक मावशी बोलल्याच, "पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही!"

मी आधी एवढंच सांगितलं की बिघडलेलं काही नाही. दुःखाच्या पाच पायऱ्यांचा फॉरवर्ड ताईंनाही आला होता, आणि आपण पहिल्या, म्हणजे नकाराच्या पायरीवरच अडकलो असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या ओळीने चढाव्यात असा काही नियम नाही. मला स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांचं १९९९ मधलं म्हणणं जास्त पटतं: माणूस गमावल्याचं दुःख आणि समोर पडलेली कामं या दोन्हींत माणूस येरझाऱ्या घालत असतो. ताईंना कामांतून उसंतच मिळाली नव्हती.

खरी गाठ मात्र पुढे सापडली. शाळेने बाईंच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता आणि मुलीने बोलावं असा आग्रह होता. कागद घेऊन बसल्या की ताईंना एक ओळ सुचत नव्हती. "सगळे म्हणतात बाई म्हणजे माउली. ते ऐकलं की मला चक्क राग येतो हो."

मी विचारलं, "आई घरी तुम्हाला काय म्हणायच्या?"

"तुला येतंय ना सगळं! मग कर की."

मग एकेक बाहेर पडू लागलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या कायद्याने यादी २१ वर नेली. मधल्या वर्षांत गोंधळलेले आईबाप बाईंच्या घरी येत. असं मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांनाही त्याचं कायदेशीर पालकत्व मागावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. ते अर्ज बाई जेवणाच्या टेबलावर भरून देत. ताईंच्या दहावीच्या बीजगणिताच्या आदल्या रात्रीही टेबलावर कुणाचा तरी असाच अर्ज होता. ताई पुस्तक घेऊन गॅलरीत बसल्या होत्या.

हे सांगता सांगता त्यांनी ओढणीचं टोक चिमटीत धरलं आणि आई बटण कशी शिकवायची ते दाखवलं. लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं, त्याला मोठाली बटणं. बाई बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवत. मुलानं उरलेलं अर्धं ओढायचं. काम पुरं होई ते मुलाच्या हातून, म्हणून 'जमलं' तेही त्याचंच. ते पक्कं झालं की बाई एक पायरी मागे सरत, मग आणखी एक. एका शर्टापायी कधी कधी अख्खं सत्र जाई.

"मला बटण लावायला कुणी शिकवलं, ते मला आठवतच नाही," ताई म्हणाल्या.

गेलेल्या माणसाविषयी वावगं बोलू नये ही आपल्याकडची रीत. चार लोकांत ती बरी आहे. पण मनातल्या मनातही पाळायची ठरवली, तर निम्मीच आई आठवायची मुभा उरते, आणि मग रडू येणार कुठून? मी त्यांना आईला पत्र लिहायला सांगितलं, सुरुवात तक्रारींपासून करायची. त्यांनी ते बँकेच्या जुन्या स्लिपांच्या पाठीवर लिहिलं. बऱ्याच स्लिपा लागल्या.

त्याच सुमारास दुसरी एक अडचण आली. बाईंचा एक जुना विद्यार्थी, आता तिशीचा, रोज फोन करून विचारायचा, "बाई कुठंय?" घरच्यांनी त्याला 'गावाला गेल्या' असं सांगून ठेवलं होतं. असं सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण गावाला गेलेलं माणूस परत येतं, म्हणून तो वाट बघत बसला. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला साध्या, सरळ शब्दांत सांगावं: बाई वारल्या, त्यांचं शरीर बंद पडलं, आता त्या येणार नाहीत. 'झोपल्या' म्हटलं तर त्याला झोपेचीच भीती बसायची. फोटो दाखवावा, शक्य असेल तर विधीत सामील करून घ्यावं. आणि त्याने पुन्हा पुन्हा विचारलं तर न कंटाळता तेच उत्तर द्यावं.

घरच्यांशी बोलून ताई स्वतः त्याच्याकडे गेल्या. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या?"

"उद्यापण नाही."

"सोमवारी?"

"सोमवारीपण नाही रे."

असं बराच वेळ चाललं. परत येताना गंगापूर रोडवर त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. किती वेळ रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नाही.

यावर 'चला, सुटलं सगळं' असं मी म्हणणार नाही. रडू आलं म्हणजे दुःख संपलं असं नसतं, आणि नाहीच आलं तरी प्रेम कमी होतं असंही नसतं. सहा महिने उलटून गेल्यावरही गेलेल्या माणसाचा ध्यास तेवढाच तीव्र असेल, रोजचे व्यवहार अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. आणि जगावंसंच वाटत नसेल तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

कार्यक्रमात काय बोलावं ते मी सुचवलं नाही. एवढंच म्हटलं, की तिथल्या कुणालाच ठाऊक नसेल अशी एक गोष्ट सांगा. त्यांनी बीजगणिताची रात्र सांगितली. तक्रार म्हणून नव्हे, जशी घडली तशी. आणि पुढचा भाग, जो मलाही तेव्हाच कळला: अर्ज संपवून रात्री उशिरा आई गॅलरीत आली, काही न बोलता शेजारी बसली, आणि ताई शेवटचं गणित सोडवेपर्यंत उठली नाही. सभेत कुणी डोळे पुसले, कुणाला हे अप्रस्तुत वाटलं. मावशींना वाटलंच.

ताई अजून येतात, पण आता आईचा विषय कमी निघतो. बाबा स्वयंपाकाच्या बाईंच्या हातचं जेवत नाहीत, आणि रोजचा डबा कुणी करायचा यावरून भावाशी वाजलंय. सध्या आमचं तेच चाललंय.