ट्रिप कॅन्सल करून सगळे पैसे दान करू का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. नवरा-बायको दोघंही नोकरीला, हातात येणारा पगार मिळून महिना १ लाख ८५ हजार, मुलं १४ आणि १० वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम-कंबोडिया ठरलंय, चौघांचे ४ लाख ४० हजार, पैसे आरडीत साठवलेले, ट्रिपसाठी कर्ज वगैरे काही नाही. बुकिंग झाल्यावर ताईंनी कुठेतरी वाचलं की एवढ्या पैशात आफ्रिकेत एका मुलाचा जीव वाचू शकतो, आणि तेव्हापासून त्यांचं मन ट्रिपवरून उडालंय. मिस्टर म्हणतात हे काय नवीन खूळ.

ताई, तुम्ही वाचलंत ते बऱ्यापैकी खरं आहे. खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. गिव्हवेल नावाची अमेरिकन संस्था हाच हिशोब करते, कुठल्या कामाला दिलेल्या पैशातून किती जीव वाचतात याचा. मलेरियाच्या भागात औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटणं, लहान मुलांना व्हिटॅमिन ए देणं अशा कामांत एका जिवामागे काही हजार डॉलर लागतात असा त्यांचा अंदाज आहे, आणि तुमची ट्रिप पाच हजार डॉलरच्या आसपास जाते. मिस्टरांचा मुद्दा मात्र चुकलाय. ते म्हणतात गरिबीची रेषा रोजची ३ डॉलर, म्हणजे अडीचशेच्या वर रुपये, तेवढ्यात तर आपल्याकडे माणूस निभावतो. वर्ल्ड बँकेचा हा डॉलर बाजारभावाचा नसतो हो, त्या-त्या देशातल्या स्वस्ताईचा हिशोब आधीच करून काढलेला असतो, त्यामुळे भारतात ते ३ डॉलर म्हणजे २०२१च्या किमतींना साधारण साठेक रुपये होतात. भाडं, तेल-मीठ, औषधं, एसटीचं तिकीट, सगळं त्या साठ रुपयांत. आणि त्याच्याही खाली जगात ८० कोटींच्या आसपास माणसं आहेत. तेव्हा तुम्हाला जे वाटतंय त्याला खूळ म्हणू नये, पण म्हणून ट्रिप कॅन्सल करा असंही मी सांगणार नाही, आणि त्याचं पहिलं कारण साधं आकड्यांचं आहे.

तुम्ही २ लाख १० हजार भरून बसलाय. त्यात विमानाची दीड लाखाची तिकिटं सगळ्यात स्वस्त भाड्याची, टॅक्सचे दहाएक हजार सोडले तर काही परत येणार नाही, हॉटेलच्या ६० हजारांतले ३० मिळतील. म्हणजे आज कॅन्सल केलंत तर दान द्यायला हातात राहणार २ लाख ७० हजार, आणि उरलेल्या १ लाख ७० हजारांत ना तुम्ही फिरलात ना कुणाचं पोट भरलं. बरं ते २ लाख ७० हजार तरी खरंच जातील का? माझ्याकडे येणाऱ्या लोकांत मी हे बघत आलोय, अपराधी वाटून खर्च रद्द होतो, पैसे सेव्हिंग खात्यात येऊन पडतात, मग क्लासची फी येते, गीझर बिघडतो, कुणाचं तरी लग्न निघतं, आणि दान राहून जातं.

दुसरी गोष्ट जरा टोचेल. तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या शीटमध्ये गाडीचा हप्ता २४,५०० दिसतोय, पाच वर्षांचा, गेल्या वर्षी चांगली चालती हॅचबॅक देऊन एसयूव्ही घेतलीत. पाच वर्षांत हे १४ लाख ७० हजार होतात, म्हणजे अशा तीन ट्रिपा होऊन वर पैसे उरतील. ती गाडी तुम्हीच लिहिलंय तसं आठवडाभर सोसायटीत उभी असते, कारण दोघंही लोकलने जाता. तिच्याबद्दल मेलमध्ये एक ओळ नाहीये. ट्रिपचं मात्र वाईट वाटलं, कारण ट्रिप म्हणजे मजा, आणि आपल्याकडे मजेवरच्या खर्चाला उधळपट्टी म्हणायची सवय आहे, वस्तू घेतली की ती गरज. मुलं मोठी होतायत, मोठा दोन वर्षांनी दहावीला, चौघं मिळून फिरायची वर्षं फार नाही उरलीत, त्यामुळे मला विचाराल तर कात्री लावायला ट्रिप ही शेवटची जागा आहे.

मग करायचं काय? दान ट्रिपच्या पैशातून काढूच नका, पगारातून काढा, दर महिन्याला. ऑक्सफर्डमध्ये २००९ साली तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी गिव्हिंग व्हॉट वुई कॅन ही संस्था सुरू केली, तिथले सभासद कमाईच्या १० टक्के देण्याची शपथ घेतात. तुम्हाला मी आज १० सांगणार नाही, घराचा हप्ता ४१ हजार, एसआयपी २५, वर ती गाडी, आणि इमर्जन्सी फंड फक्त दोन महिन्यांचा, तो आधी सहावर न्यायला हवा. ३ टक्क्यांनी सुरुवात करा, म्हणजे महिना ५,५५०. वर्षाला ६६,६०० होतात, चार वर्षांत जवळपास तेवढेच पैसे गेले जेवढे ट्रिप मोडून एकदाच गेले असते, आणि पुढे चालूच राहणार. गाडीचा हप्ता संपला की त्यातले निम्मे याच्यात वळवा, तेव्हा १० टक्क्यांच्या अगदी जवळ पोचाल.

कुणाला द्यायचे हा तुमचा प्रश्न, पण आफ्रिकाच पाहिजे असं काही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथलं नवजात बाळांचं मरण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं, १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेलं काम आहे हे. असं मोजून दाखवणारी संस्था शोधा. दानावरची ८०जीची टॅक्स सूट फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये मिळते, २ हजारांवर रोख दिलीत तर तीही नाही, आणि संस्थेकडून दानाचं प्रमाणपत्र मागून घ्या. परदेशी संस्थेला थेट पाठवलेत तर सूट विसरा. नव्या रिजीममध्ये असाल तर सूट नाही म्हणून थांबू नका, टॅक्स वाचवायला थोडीच देताय.

आता मेलच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की एजंटने कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये एका अनाथाश्रमाची भेट घातलीये, मुलांना चॉकलेट-वह्या वाटायला, म्हणजे तेवढंच मनाला बरं वाटेल. ते आजच काढायला सांगा. कंबोडियात अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत असं तिथल्या पाहणीतच दिसलंय, पर्यटक येतात, पैसे देतात, म्हणून गरीब घरातली मुलं आणून ठेवली जातात. युनिसेफ कधीपासून सांगतंय की असल्या भेटी नकोत. तिथल्या अंगकोरच्या देवळांचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आहे, त्यातले २ डॉलर कान्था बोफा या मुलांच्या मोफत हॉस्पिटलला जातात, ते तुमच्याकडून आपोआप दिले जातील. धाकट्याला तिकीट नाही, १२ वर्षांखाली फुकट, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा. आणि अजून न भरलेल्या पैशांत तिथली हॉटेलं बाकी असतील तर मोठ्या साखळीऐवजी तिथल्याच कुटुंबाचं गेस्टहाऊस बघा, टुकटुकवाला दिवसभरासाठी थेट ठरवा, एजंटमार्फत नको, आणि एक-एक डॉलरच्या नोटा न फाटलेल्या, न चुरगळलेल्या न्या, फाटकी नोट तिथे कुणी घेत नाही.

मिस्टरांना ५,५५०चा आकडा दाखवा आणि त्यांचं काय म्हणणं पडतं ते कळवा. पगार १ तारखेला होतो म्हणालात ना, मग स्टँडिंग इन्स्ट्रक्शन ३ तारखेची टाका, एसआयपी जायच्या आधी.