रोज पुसूनही गाडीवर गोल ओरखडे का दिसतात? रंगाला इजा न होता गाडी धुवायची आणि वाळवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी काळी आहे, फारशी जुनी नाही, रोज सकाळी मऊ कोरड्या फडक्याने पुसता, अधूनमधून बादली आणि स्पंज घेऊन धुता, आणि तरीही उन्हात बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. हे येतं कुठून, थांबवायचं कसं आणि पडलेले ओरखडे जातील का.

फडकं मऊ आहे की नाही याने इथे फारसा फरक पडत नाही. ओरखडा पाडतो तो फडक्याखाली सापडलेला कण. रस्त्यावरच्या धुळीत बारीक वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ असतं, आणि खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस स्केलवर क्वार्ट्झ ७ वर आहे. काच येते साडेपाचच्या आसपास. जी वाळू काचेवर चरा उठवू शकते तिच्यापुढे गाडीचा रंग टिकणार नाही हे उघड आहे. तुम्ही रोज मऊ फडक्याने हीच वाळू बॉनेटभर फिरवताय.

पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट. बहुतेक गाड्यांवर तो ४०-५० मायक्रॉनच्या घरात असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. तुम्हाला जे जाळं दिसतंय ते बहुतेक याच लेपाच्या अगदी वरच्या भागात आहे, खालच्या रंगापर्यंत पोचलेलं नाही. काळ्या गाडीला ओरखडे जास्त पडतात असंही नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर तेवढेच पडतात, फक्त काळ्यावर चमकणारी रेघ लपत नाही.

ते गोल दिसतात म्हणून लोक सांगतात, ‘गोल पुसू नका, सरळ पुसा.’ प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांनी पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या रेषेला आडवे असतात तेच चमकतात, त्यामुळे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं आहेत असा भास होतो. उभ्या जागी डोकं जरा हलवून बघा, वर्तुळं तुमच्याबरोबर सरकतील. हात सरळ फिरवणं बरं, कारण एकाच दिशेचे ओरखडे सगळ्या कोनांतून दिसत नाहीत. पण कण खाली असेल तर सरळ हातही ओरखडाच काढतो.

म्हणून पहिलं काम, रोजचं कोरडं पुसणं थांबवा. यात मी कुणालाही सूट देत नाही. गाडीवर नुसती बसलेली धूळ ओरखडा पाडत नाही, ती घासली की पाडते. गाडी चार दिवस धुळकट दिसली तर दिसू द्या. पिसांचा झाडू, मेण लावलेला डस्टर, ओलं करून पिळलेलं फडकं, हे सगळं त्याच प्रकारात येतं. पिळलेल्या फडक्यात धूळ वाहून जायला पुरेसं पाणीच नसतं. धुळकट गाडीवर कव्हर ओढणंही तसंच, वाऱ्याने कव्हर हलत राहतं आणि खालची धूळ घासली जात राहते. अपवाद फक्त पक्ष्यांच्या विष्ठेचा. ती आम्लधर्मी असते, उन्हात लेपावर डाग कोरते, तेव्हा धुण्याच्या दिवसाची वाट पाहू नका. त्यावर पाण्याने भिजलेलं फडकं पाच-दहा मिनिटं नुसतं ठेवा, मऊ झाली की अलगद वर उचलून घ्या. रगडू नका, तिच्यातही बारीक कठीण कण असतात.

आता धुणं. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला थंड लागायला हवा. तापलेल्या पत्र्यावर पाणी आणि शाम्पू बघता बघता सुकतात आणि पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतं. मग ते ठिपके घालवायला तुम्ही घासता, आणि फिरून ओरखडे.

चाकं आधी उरकून घ्या, वेगळी बादली आणि वेगळा ब्रश घेऊन. रिमवर जी काळी भुकटी जमते तिच्यात ब्रेकमधून झिजलेलं लोखंड असतं. चाकाचं फडकं बॉनेटला लागता कामा नये, धुतलेलं असलं तरी.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या धुण्यात महत्त्वाची तीच आहे: गाडीला हात लावण्याआधी जेवढी माती नुसत्या पाण्याने जाईल तेवढी घालवणं. पाइप असेल तर टपापासून खाली सावकाश पाणी सोडा, काचेच्या खालच्या खाचा, आरशांच्या मागची बाजू, चाकावरच्या कमानी यांत मुद्दाम मारा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल रंगापासून हातभर लांब ठेवा, आणि रंग कुठे उडालेला असेल तिथे धार मारू नका, उरलेलाही सोलून निघेल. फोम लान्स, म्हणजे शाम्पूचा दाट फेस फवारणारी नळी, असेल तर फेस मारून पाच मिनिटं थांबा, फेस मातीला भिजवून सैल करतो आणि तिच्यासकट खाली घसरतो. सुकू मात्र देऊ नका. यातलं काहीच नसेल तर झाडांवर फवारायचा साधा हातपंप घ्या, त्यात पाणी आणि थोडा शाम्पू घालून सगळीकडे फवारा, जरा वेळ मुरू द्या आणि मग मगाने वरून पाणी ओता. वाळलेल्या चिखलाला हे दोनदा करावं लागतं. खरखरीत थर अजून बोटाला जाणवत असेल तर तिसऱ्यांदा करा, पण धुण्याच्या हातमोज्याने उकरायला जाऊ नका.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. गाडी धुवायचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात नीट खळबळून घ्यायचा आणि मगच परत शाम्पूत. एकाच बादलीवर भागवलं तर टपावरून काढलेली वाळू तुम्ही बॉनेटवर आणून लावता. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जाळीची ताटली मिळते ती टाका. कण जाळीखाली बसतात, मोजा बुडवला की परत वर ढवळून येत नाहीत. पाणी गढूळ झालं की बदला. पाणी कमी असेल तर दुसरा मार्ग आहे आणि तो मला तितकाच पटतो: सात-आठ छोटी मायक्रोफायबर फडकी शाम्पूच्या बादलीत टाकून ठेवायची, प्रत्येक भागाला नवं फडकं घ्यायचं, वापरलेलं परत बादलीत टाकायचं नाही. अशा वेळी एकच बादली पुरते.

सपाट स्पंज टाकून द्या. त्यात कणाला आत जायला जागाच नसते, तो स्पंज आणि रंगाच्या मध्येच अडकून फिरत राहतो. लांब धाग्यांच्या मायक्रोफायबर मोज्यात कण धाग्यांच्या आत शिरतो, रंगापासून दूर जातो. मोजा त्याच्या स्वतःच्या वजनानेच फिरू द्या, वरून दाब देऊ नका. टप, काचा, बॉनेट, डिकी, मग दरवाजांचा वरचा अर्धा भाग, आणि शेवटी दरवाजांची खालची पट्टी, बंपर, चाकांच्या मागचा भाग, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथेच असते. मोजा खाली पडला तर त्या दिवसापुरता तो बाद, दुसरा घ्या.

शाम्पूबद्दल एवढंच की तो गाडीचा असावा. भांड्यांचा साबण तेल काढायलाच बनवलेला असतो, तो रंगावर लावलेलं वॅक्स, म्हणजे संरक्षक मेण, तेही काढून नेतो. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि नीट विरघळली नाही तर स्वतःच खरखरीत. गाडीच्या शाम्पूचं खरं काम बुळबुळीतपणा देणं हे आहे, म्हणजे राहिलेला कण घासण्याऐवजी घसरून जातो. बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला, जास्त घातला तर धुवून काढायलाच जास्त पाणी लागतं.

आता वाळवणं. धुताना सांभाळलेली गाडी पुसताना बिघडते हे मी पुष्कळदा पाहिलंय, कारण तोवर माणूस दमलेला असतो आणि गाडी स्वच्छ झालीय असं धरून चालतो. आधी पुसायला पाणीच कमी उरेल असं बघा. शेवटचं पाणी पाइपचं नोझल काढून, मोठ्या मऊ धारेने टपावरून सोडा. पाणी चादरीसारखं एकसंध खाली सरकतं आणि आपल्याबरोबर थेंब ओढून नेतं. वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) असेल तर बराचसा पृष्ठभाग तिथेच कोरडा होतो. ब्लोअर असेल तर फारच उत्तम, हवा कशालाच स्पर्श करत नाही. आरसे, दारांची हँडलं, दिव्यांच्या फटी आणि नंबरप्लेट यांत साठलेलं पाणी त्यानेच निघतं, नाहीतर ते मागाहून ओघळतं.

उरलेल्या पाण्याला मोठा, दाट मायक्रोफायबर टॉवेल लागतो. बॉनेटवर तो पूर्ण उलगडून पसरा, वरून हलक्या हाताने थोपटा, उचला. किंवा दोन कोपरे धरून आपल्याकडे सावकाश ओढा, त्याच्या स्वतःच्या वजनाने. गोळा करून रगडायचं काहीच कारण नाही. पुसण्याआधी ओल्या पत्र्यावर क्विक डिटेलरचा (पृष्ठभाग बुळबुळीत करणाऱ्या तयार द्रवाचा) एखादा फवारा मारला तर टॉवेल घसरतो, अडत नाही. दारांच्या आतल्या कडा आणि खालचा भाग यांना जुना वेगळा टॉवेल ठेवा. रबराची पट्टी, वायपरसारखी, काचेला ठीक आहे, रंगाला नको: तिच्याखाली एक कण सापडला तरी सरळ लांब रेघ पडते. आणि नुसती उन्हात सोडून वाळवू नका, ठिपक्यांचं कारण वर आलंच आहे.

टॉवेल नवा असेल तर शिवलेलं लेबल कापून टाका, त्याची कड बोचते, आणि वापरण्याआधी एकदा धुवा. पुढेही मायक्रोफायबर वेगळंच धुवायचं, सुती कपड्यांबरोबर नाही, नाहीतर त्यांची लव धाग्यांत अडकते. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याच्या थराने टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद जाते. फार गरम पाणी किंवा गरम ड्रायरही नको, हे धागे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे असतात, उष्णतेने कडक होतात. वाळला की बंद डब्यात ठेवा.

पडलेल्या ओरखड्यांचं बघू. रेघेवर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा पॉलिशने जाऊ शकतो; अडकत असेल तर पॉलिशने त्याच्या कडा फार तर बोथट होतील, पूर्ण काढायला गेलात तर तिथे लेप नको तितका पातळ होईल. पॉलिश म्हणजे लेपाचा वरचा पातळ थर झिजवून पृष्ठभाग सपाट करणं. ४०-५० मायक्रॉनमधून हे किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे, आणि कंपनीने दिलेला हा लेप परत मिळत नाही. वॅक्स आणि ग्लेझ ओरखडे भरून लपवतात, काही धुण्यांनंतर ते पुन्हा दिसू लागतात. सिरॅमिक कोटिंगने, म्हणजे लेपावर चढवलेल्या कठीण संरक्षक थराने, माती सहज सुटते, म्हणून धुणं सोपं होतं, पण वाळूसमोर तेही ओरखडतं. खाली जाळं असेल तर तेही तसंच दिसत राहतं.

म्हणून पॉलिशची घाई करू नका. दोन-तीन महिने वर सांगितलंय तसं धुवा. हाताला सवय झाली आणि नवे ओरखडे येईनासे झाले की एकदाच नीट पॉलिश करून घ्या. करणाऱ्याला सांगा की आधी बॉनेटच्या एका छोट्या चौकोनावर सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड वापरून दाखव, तेवढ्याने काम होत असेल तर त्याहून कडक काही लावू नको. आणि कामाच्या आधी पेंटची जाडी मोजायचं यंत्र लावून आकडे दाखवायलाही सांगा.