‘उझुमाकी’ आधी वाचावी की २०२४ ची मालिका पूर्ण करावी?

अ‍ॅनिमेशन मालिका आहे तिथे थांबवा आणि आधी मूळ जपानी भयचित्रकथा वाचा. तुम्ही लिहिलंय की पहिला भाग बघून अंगावर काटा आला, दुसरा बघताना मन उडालं, आणि आता पुढचे दोन भाग बघावेत, २००० सालचा चित्रपट शोधावा की पुस्तक घ्यावं, हे ठरत नाही. हे तिन्ही मी केलंय, पुस्तक तर तीनदा वाचलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती लिहिणारे-काढणारे जुंजी इतो यांचा जन्म १९६३ चा, जपानच्या गिफू प्रांतातला. आधी ते दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. १९८७ साली ‘तोमिए’ या कथेला स्पर्धेत दाद मिळाली आणि ते हळूहळू पूर्णवेळ चित्रकथांकडे वळले. ‘उझुमाकी’ १९९८-९९ मध्ये ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या शोगाकुकानच्या साप्ताहिकात आली आणि नंतर तीन खंडांत निघाली. इंग्रजीत ती ‘विझ’ या प्रकाशकाने आणली, आधी ‘पल्प’ मासिकात आणि मग खंडांमध्ये. २००३ साली तिला चित्रकथांसाठीच्या आयझनर पुरस्काराचं नामांकन होतं. २०१३ पासून तिन्ही खंड एकाच जाड, पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकात मिळतात. सहाशेहून जास्त पानं आहेत. घ्यायचं असेल तर हेच घ्या.

ही गोष्ट कशी सुचली, ते मला फार आवडतं. इतो लहानपणी ‘नागाया’मध्ये राहिलेले. नागाया म्हणजे आपल्या बैठ्या चाळीसारखी एका ओळीत जोडलेली घरं. त्यांना एका न संपणाऱ्या चाळीची गोष्ट काढायची होती. पण इतकी लांब चाळ कागदावर मावणार कशी? तेव्हा त्यांना डासांच्या अगरबत्तीचा आकार आठवला. सरळ न मावणारी गोष्ट गुंडाळली की मावते! चाळीचं वेटोळं झालं आणि वेटोळ्याचं हे पुस्तक. आपण पावसाळ्यात पलंगाखाली लावतो ती हिरवी कॉइलही मूळची जपानचीच, वाकायामाच्या उएयामा दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेली. मी पहिल्यांदा पुस्तक वाचलं ते जुलैत, वीज गेलेली असताना, बॅटरीच्या उजेडात. खोलीच्या कोपऱ्यात कॉइल जळत होती. शेवटची प्रकरणं वाचून झाल्यावर मी उठून ती विझवली आणि डास चावून घेतले.

‘उझुमाकी’ या शब्दासाठी मराठीत एक शब्द सापडत नाही. पाण्यात असेल तर भोवरा, सापाचं असेल तर वेटोळं, गोगलगाईच्या पाठीवर असेल तर शंख. मात्र डोक्यावरच्या केसांतही आपल्याला भोवराच दिसतो, हे या पुस्तकाच्या संदर्भात आठवलं की बरं वाटत नाही. जपानी विनोदी चित्रकथांमध्ये गालावर असं गोल गोल काढलं की ते पात्र गोड, प्रेमळ समजायचं. इतो यांनी मुद्दाम तोच निरुपद्रवी आकार घेतला. कुरोउझु-चो (शब्दशः ‘काळ्या भोवऱ्याचं गाव’) नावाच्या समुद्रकाठच्या गावाला तो आकार पछाडतो. भूत नाही, खुनी नाही. फक्त एक आकार.

सुरुवातच बघा. किरिए नावाची शाळकरी मुलगी गल्लीतून जाताना तिचा मित्र शुइची याचे वडील उकिडवे बसलेले दिसतात. ती हाक मारते, ते वळत नाहीत. भिंतीवरच्या गोगलगाईकडे टक लावून बघत असतात. पुढे ते सूप ढवळून त्यात भोवरा करतात, सुपात वेटोळ्याची माशाची वडी नसली तर चिडतात, किरिएच्या कुंभार वडिलांकडून वेटोळ्याचं भांडं मागतात. हे सगळं घरातल्या साध्या उजेडात, लहान लहान चौकटींत घडतं. मग घरी एक मोठा गोल लाकडी टब येतो, आणि तुम्ही पान उलटता.

माझं म्हणणं या पान उलटण्यापाशी आहे. इतो यांची भीती पान उलटण्यावर उभी आहे. पुढे काय आहे ते कळलेलं असतं, तरी पान तुमच्याच बोटांनी उलटायचं असतं. उलटल्यावर ते चित्र हलत नाही, जात नाही. किती वेळ बघायचं ते तुमच्यावर सोडलेलं. शाईच्या बारीक रेघा मोजत तुम्ही त्यातच अडकता, म्हणजे शुइचीच्या वडिलांसारखेच. पडद्यावर दिग्दर्शक तुमच्या वतीने पान उलटतो आणि तीन सेकंदांत पुढे जातो.

२००० चा चित्रपट हिगुचिन्स्की यांचा. त्या फेब्रुवारीत तो ‘तोमिए’च्या एका चित्रपटासोबत जोडीने लागला होता. चित्रकथा पूर्ण होण्याआधीच तो करायला घेतलेला, त्यामुळे शेवट अगदी वेगळा आहे. सगळीकडे हिरवट रंग, विचित्र कॅमेरा. रेन ओसुगी यांनी शुइचीचे वडील फार छान केलेत. पण टबाऐवजी तिथे कपडे धुण्याचं मशीन येतं. कल्पना पडद्याला साजेशी आहे, ते फिरतं. तरी मला टबच आठवतो, कारण टब फिरत नाही. हा चित्रपट नंतर कधीही बघा, घाई नाही.

आता मालिकेबद्दल. बिघडली हे खरं आहे. २०१९ मध्ये घोषणा झाली, २०२० मध्ये येणार होती, तारखा पुढे ढकलत अखेर २८ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेत ‘अ‍ॅडल्ट स्विम’ वाहिनीवर लागली. चारच भाग. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा, ज्यांची ‘मुशिशी’ ही मालिका मी अजूनही मन थाऱ्यावर नसलं की लावते. पहिला भाग खरोखर सुंदर आहे. कृष्णधवल, इतो यांच्या रेघा जशाच्या तशा आणि हालचाल माणसांसारखी. दुसऱ्या भागापासून माणसं चालत नाहीत, कुणीतरी ओढल्यासारखी सरकतात. निर्मात्यांपैकी जेसन डीमार्को यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं की मध्येच काहीतरी बिनसलं. मग काहीच न दाखवणं, एकच भाग दाखवणं किंवा जसे झाले तसे चारही दाखवणं एवढंच हातात उरलं, आणि कलाकारांच्या मेहनतीसाठी त्यांनी शेवटचा मार्ग घेतला. कोणामुळे बिनसलं, ते नाव घेऊन सांगितलं नाही. इतकी वर्षं थांबलेल्या आम्हा वाचकांना वाईट वाटलं, पण अर्धवट टाकण्यापेक्षा त्यांनी केलं ते बरोबरच होतं.

पण चित्रं शेवटपर्यंत सुंदर राहिली असती तरी एक अडचण उरलीच असती. मूळ कथेत एकोणीस प्रकरणं आहेत. साधारण पहिली अकरा सुटी आहेत. पावसातच शाळेत येणारा संथ मुलगा, केसांचे भोवरे होऊन ते जिवंत झालेल्या मुली, दीपगृह, इस्पितळातल्या गरोदर बायका. एकेक प्रकरण संपतं आणि गाव पुन्हा काही झालंच नाही असं वागतं. हे वागणंच खरं भयंकर आहे. बाराव्यात वादळ येतं आणि तिथून गोष्ट एकसलग आत आत ओढली जाते. मालिकेने चार भागांत बसवायला सुटी प्रकरणं एकमेकांत गुंफली, एकाच वेळी तीन घरांत आपत्ती. मग मधली शांतता गेली, आणि सगळ्यांनी कानाडोळा करणंही गेलं.

म्हणून वाचतानाही घाई करू नका. रात्री एक किंवा दोन प्रकरणं, बास. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं आहे, दोन दिवसांत सवय होते. शेवटी ‘आकाशगंगा’ हे वेगळं राहिलेलं प्रकरण जोडलेलं आहे. ते मुख्य कथा संपल्यावर दोन-तीन दिवसांनी वाचा, लगोलग वाचलं तर शेवटाचा परिणाम पुसला जातो.

सगळं झालं की मालिकेचा पहिला भाग कानाला हेडफोन लावून पुन्हा बघा. कॉलिन स्टेटसन यांचं संगीत आहे. ते श्वास न तोडता सॅक्सोफोन वाजवतात, सूर गोल गोल फिरत राहतो, आणि छापील पानात जे नाही ते एवढं एकच तिथे मिळतं.