पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर निघण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा आम्हा निवृत्त दर्यावर्दींच्या गप्पांत तू दोन तास बसलीस आणि उठताना तुझा चेहरा उतरला होता. पुढच्या महिन्यात क्रूझच्या, म्हणजे सहलीच्या, बोटीवर पहिल्यांदा साइन ऑन करायला, म्हणजे कामावर रुजू व्हायला, निघालेल्या मुलीसमोर ‘ती कसली बोट, ते तर तरंगतं हॉटेल’ असं कुणी म्हणायला नको होतं. मी तिथेच होतो आणि गप्प बसलो, ते चुकलं. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहे.

मी दोन्हीकडची नोकरी केली आहे. १९६६ साली एकोणिसाव्या वर्षी लायनरच्या डायनिंग सलूनमध्ये स्टुअर्ड, म्हणजे जेवण वाढणारा, म्हणून लागलो आणि शेवटचा पगार घेतला तो क्रूझच्या बोटीवर. म्हणून यातलं थोडंफार मला कळतं.

लायनर ही गाव गाठायची बोट. टपाल आणि माणसं ठरल्या दिवशी पलीकडच्या धक्क्यावर उतरवायची, मग भर हिवाळ्यात अटलांटिक कितीही खवळलेला असो. त्यासाठीच तिचं अंग घडवलेलं असे: लांब, निमुळती नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात खोल बसणारा सांगाडा, जाड पोलाद आणि हाताशी राखून ठेवलेला वेग. १९३६ ची क्वीन मेरी तिशीच्या वर नॉट, म्हणजे तासाला तीसहून जास्त सागरी मैल, वेग काढायची. १९५२ साली युनायटेड स्टेट्स नावाच्या बोटीने पहिल्याच फेरीत ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडला. तुझ्या बोटीला एवढी घाई करायचं कारणच नाही. वादळ दिसलं की कप्तान मार्ग बदलतो, एखादं बंदर गाळतो, आणि त्याने तसंच करायला हवं. आमच्यातले काही जण त्याला भित्रेपणा म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याच्याकडे वाट वाकडी करायची मुभा आहे, आमच्या कप्तानाकडे फारशी नव्हती, एवढाच फरक. आजही वेळापत्रकावर अटलांटिक ओलांडणारी खरी लायनर एकच उरली आहे, २००४ पासून चालणारी क्वीन मेरी २.

‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हेही खरं नाही. १८९१ च्या जानेवारीत ऑगस्टा व्हिक्टोरिया ही जर्मन लायनर भूमध्य समुद्रात निव्वळ सहलीसाठी निघाली, कारण हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी कमी आणि बोट नुसती उभी ठेवणं परवडेना. पुढे १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि लायनरचा धंदा बघता बघता बसला. त्या बैठकीत फ्रान्स या बोटीचं नाव निघाल्यावर एकाचे डोळे भरून आले, आठवतं? ती बोट फ्रान्स म्हणून १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षं चालली. मग पाण्याखाली तिला ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी दोन काढले, अर्धी इंजिनं बंद केली, नॉर्वे असं नाव दिलं, आणि १९८० पासून २००३ पर्यंत ती क्रूझच करत होती. तेवीस वर्षं. ज्या बोटीसाठी आम्ही रडतो तिला क्रूझनेच जगवलं.

मग आम्हाला नक्की काय आठवतं? मी माझ्यापुरतं सांगतो.

लायनर सुटायची तेव्हा प्रवासी कठड्याशी उभे राहून रंगीत कागदी फितींची गुंडाळी धक्क्यावर फेकायचे. एक टोक वर, एक खाली. शेकडो फिती. कायमचे परदेशी निघालेले लोक असायचे ते, परतीचं तिकीट क्वचितच कुणाकडे. बोट हळूहळू बाजूला सरकायची, फिती ताणल्या जायच्या आणि एकेक तुटायची. एकदा एक बाई तुटलेली निळी फीत बोटांभोवती गुंडाळून दोन दिवस तशीच जेवायला येत होती. मी तिच्या टेबलाचा स्टुअर्ड. तिसऱ्या दिवशी सूपमध्ये भिजून त्या फितीचा रंग तिच्या बोटांना लागला, तेव्हा तिने ती सोडवली आणि बशीच्या कडेला ठेवली. मी ती बशी उचलली, पण फीत कचऱ्यात टाकवेना. माझ्या जाकिटाच्या खिशात ती महिनाभर होती. तुझे प्रवासी सात दिवसांनी त्याच धक्क्यावर उतरतील, तिथे हे घडणार नाही. पण ज्याने आयुष्यभर पैसे साठवून बायकोला घेऊन एकदाच समुद्र बघायचा ठरवलं, तोही तुझ्याच टेबलावर बसणार आहे. त्याला ‘टूरिस्ट’ म्हणून मोजू नकोस.

बाकी जुन्या दिवसांत हळहळण्यासारखं सगळंच होतं असं नाही. प्रवाशांच्या वर्गावर्गांमध्ये कुलूपबंद दारं होती. आम्ही पाण्याच्या रेषेखाली दहा जण एका खोलीत झोपायचो. आमच्या आधीच्या पिढीचं तर विचारूच नकोस. टायटॅनिकच्या २९ बॉयलरना १५९ भट्ट्या होत्या आणि प्रत्येकीत माणसं फावड्याने कोळसा घालत होती. तुला कायद्याचा आधार आहे. २०१३ पासून लागू असलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा तुझा हक्क आहे, आणि नोकरी लावून देण्याबद्दल एजंटाने तुझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत.

विश्रांतीच्या तासांची नोंद मात्र स्वतः बघून सही कर. माझ्या शेवटच्या वर्षांत एका बोटीवर ते कागद आधीच भरून यायचे आणि मी माझ्या हाताखालच्या मुलांना मुकाट सही करायला सांगायचो. त्यातल्या एकाचा हात थकव्याने सुटला आणि उकळत्या सूपचं भांडं त्याच्या मनगटावर पडलं. तो डाग त्याच्या हातावर आजही असेल. कागदावर तो आदल्या रात्री दहा तास झोपला होता.

आता तुझ्या कामाचं. जोरात हलायला लागलं की आम्ही टेबलांच्या लाकडी कडा वर करायचो आणि टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायचो. ओल्या कापडावर बशी घसरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, वरिष्ठ स्टुअर्डच्या हातातला तांब्या बघून कळलं. क्वीन मेरीला डोलणं आवरणारे पंख १९५८ साली बसवले, त्याआधी ती चहातून दूध वेगळं काढेल असं खलाशी म्हणत. बोट लागलेल्या माणसाला कोरडं काहीतरी आणि मोकळी हवा, हे औषध अजूनही चालतं. आजच्या बोटींवर हे पंख असतातच, आणि आयकॉन ऑफ द सीज ही क्रूझची बोट तर वीस डेकची, म्हणजे वीस मजल्यांची, ७,६०० पर्यंत प्रवासी घेणारी. अशा बोटीच्या पोटात तू आठवडाभर राबशील आणि समुद्र दिसणारही नाही. रोज एकदा उघड्या डेकवर जा. वारा कुठल्या बाजूचा आहे, लाटा कुठून येतायत, एवढं बघून ये. पाच मिनिटं पुरतात.

आणि ड्रिल, म्हणजे संकटकाळी काय करायचं याचा सराव. २०१२ च्या जानेवारीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी बोटीवर चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल अजून व्हायचं होतं. आता ते बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावं लागतं, पण पुष्कळ ठिकाणी प्रवासी फोनवर चित्रफीत बघतात, ठरलेल्या जागी तोंड दाखवतात आणि पोहायला जातात. वेळ आली तर ते तुझ्या कपड्यांवरचा बिल्ला बघून तुझ्यामागे येतील.

म्हणून पहिल्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, तुझ्या केबिनपासून तुझ्या मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटकाळी जमायच्या जागेपर्यंत, लिफ्ट न घेता चालत जा. पायऱ्या मोज. रात्री दिवा न लावता, हात भिंतीला लावून पुन्हा एकदा जा. किती पायऱ्या आहेत आणि कितवं वळण उजवीकडे आहे, ते मला कळव.

तुझा,
काका