नव्या लॅपटॉपवर ठिपका दिसला तर

भाऊ, आधी पडदा कोरड्या मऊ फडक्याने पूस. कापसाच्या दिवसांत आपल्याकडे तंतू कुठंही चिकटतात. मग पूर्ण पडद्यावर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग एकेक लाव. पांढऱ्यावरही ठिपका काळाच, तर पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारा पडद्यावरचा एक बारीक ठिपका, मेला; तो परत येत नाही. काळ्यावर लाल-हिरवा चमकला, तर पिक्सेल एकाच रंगात अडकलाय. भराभर रंग बदलणारा व्हिडिओ तासभर चालव, कधीकधी सुटतो. अंगठ्यानं दाबू नको. मी दाबला, शेजारी पांढरट डाग कायमचा बसला. १९२० बाय १०८० पडद्यात २० लाखांवर पिक्सेल; एखाददुसरा मेला तर बऱ्याच कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत यवतमाळची एसटी पकड. बिल, खोकं, ठिपक्याचा फोटो सोबत ने.