आर्किटेक्चरला गेल्यावर खरंच झोप मिळत नाही का?

तुमची मुलगी बारावीला आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत तिला ए ग्रेड आहे, तिला आर्किटेक्चरला जायचंय आणि शेजारची मुलगी रात्र रात्र जागते म्हणून तुम्ही धास्तावलाय. चित्रकला चांगली आहे, एवढ्यावर पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी 2014 साली पुण्यातून बी.आर्क. झाले, आता नाशिकला छोटं ऑफिस आहे. आधी जागरणांचं. ती होतातच, पण माझ्या हिशेबाने निम्मी आपणच ओढवून घेतलेली असतात. गणिताचं उत्तर आलं की पेन खाली ठेवता येतं. प्लॅनचं तसं नाही. तो रात्री अकराला सुधारता येतो तसा पहाटे चारलाही येतो. त्यामुळे जिना कुठे, हे महिनाभर ठरत नाही आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळा वर्ग नाईट मारतो.

तिसऱ्या वर्षी मला वस्तीतल्या वाचनालयाचं डिझाइन होतं. ज्युरी, म्हणजे बाहेरच्या आर्किटेक्टसमोर डिझाइन मांडायचं, सकाळी दहाला. आदल्या रात्री मी तीन तास काय केलं, तर भांडी घासायची तारेची घासणी कुरतडून मॉडेलसाठी झाडं. चाळीसेक झाली असतील. सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत कशी दिसेल ते चित्र, पहाटे उरकला. बाहेरून आलेल्या सरांनी झाडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेनचं टोपण सेक्शनमधल्या जिन्यावरून पायरी पायरी चढवत नेलं, बीमखाली थांबले आणि म्हणाले, "इथे डोकं आपटेल." मोजलं तर जेमतेम साडेपाच फूट. मी स्वतः पाच फूट तीन, म्हणजे मला कधी कळलंही नसतं! त्यानंतर मी सेक्शन आधी काढते, झाडं वेळ उरला तर.

चित्रकलेचा उपयोग नाही असं नाही. पहिल्या वर्षी हात चांगला असलेली मुलं पुढे असतात. आमच्या वेळी दोन वर्षं सगळं हाताने होतं. गेटवे शीटवर, म्हणजे जाड ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनने रेघा. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची शाई तिथे फुटते. पावसाळ्यात तो कागद दमट हवेने फुगायचा आणि टी-स्क्वेअरच्या पट्टीखाली लाटा यायच्या. पण दुसऱ्या वर्षापर्यंत ज्यांना सुरुवातीला सरळ रेघ येत नव्हती तेही बरोबरीला आले. मग फरक पाडते ती मोजायची सवय.

हे मला वाईला कळलं. चौथ्या सेमिस्टरला मेझर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे उभी इमारत मोजून तिचे नकाशे काढायला, आम्ही सहा जणी एका जुन्या वाड्यात चार दिवस राहिलो. देवडी, चौक, ओसरी, माजघर, सगळं टेपने मोजायचं. घरातल्या आजी खांबांमधलं अंतर खणांत सांगायच्या, आम्ही मिलिमीटरमध्ये लिहून घ्यायचो. पुण्यात येऊन 1:50 ला, म्हणजे पन्नासपट लहान, प्लॅन लावायला घेतला, तर माजघराची भिंत शेजारच्या कोठीत घुसायला लागली. दोन फूट जाडीची भिंत कागदावर 12 मिलिमीटर येते, ती काही नजरेआड होत नाही. चूक साधी होती. खोलीच्या चारही बाजू मोजल्या, कर्ण मोजलेच नाहीत. कोपरे काटकोनात असणार हे आम्ही गृहीतच धरलं, आणि त्या वाड्यात एक कोपरा धड काटकोनात असेल तर शपथ. दोन कर्णांसाठी पुन्हा एसटीने वाई. आजी दारातच म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात मोजून गेलात ना गं? घर वाढलं का एवढ्यात?" वर जेवल्याशिवाय सोडलंही नाही.

याच्या जोडीला स्टडी टूर असते. तिचे पैसे कापू नका, बाकी कुठेही काटकसर करा. अहमदाबादला आर्किटेक्ट लुई कान यांनी डिझाइन केलेलं आयआयएम पाहिलं, तेव्हा विटांच्या बसक्या कमानीखाली काँक्रीटची आडवी पट्टी का असते हे तिथे उभं राहून कळलं. कमान दोन्हीकडे फाकू पाहते, पट्टी तिला धरून ठेवते. वर्गात हेच तीनदा शिकवलं होतं.

बाकी माहिती थोडक्यात. कोर्स 5 वर्षांचा, त्यातला काही काळ एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम. प्रवेशासाठी नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय 1972 च्या कायद्यानुसार नावामागे आर्किटेक्ट लावता येत नाही. कॉलेज निवडताना कौन्सिलची मान्यता आधी तपासा, इमारत आणि कॅन्टीन नंतर. तिचा ओढा घरांपेक्षा वस्तूंकडे, छपाईकडे, कपड्यांकडे असेल तर बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, हा वेगळा रस्ता आहे, 4 वर्षांचा. त्यासाठी यूसीड, एनआयडी अशा वेगळ्या प्रवेशपरीक्षा असतात.

सुरुवातीचे पगार मात्र कमी असतात. इंजिनिअर झालेल्या चुलतभावाशी तुलना होणार असेल तर ती आत्ताच घरात करून मोकळे व्हा.

आणि एक करून बघा. येत्या रविवारी तिला टेप, वही, पेन्सिल द्या आणि तुमच्याच घराचा प्लॅन काढायला सांगा. ओटा किती उंच, खिडकी जमिनीपासून किती वर, जिन्याची पायरी किती, सगळं मोजू दे. मदत करायची ती फक्त टेपचं दुसरं टोक धरण्यापुरती. कर्ण मोजायचं सुचवू नका, बघा तिचं तिला सुचतंय का. नाही सुचलं तरी काही बिघडत नाही, मला कुठे सुचलं होतं.