बारावीचं राज्यशास्त्र: गुण नेमके कुठे जातात

राज्यशास्त्रात गुण जातात ते बहुतेकदा सन आणि संस्था एकमेकांत मिसळल्यामुळे. मास्ट्रिक्ट करारावर सह्या १९९२ मध्ये झाल्या, त्या करारातून युरोपीय संघ अस्तित्वात आला १९९३ मध्ये. गॅट, म्हणजे व्यापार आणि जकातीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झाला १९४८ साली, जागतिक व्यापार संघटना मात्र १९९५ ची. बर्लिनची भिंत पडली १९८९ मध्ये, सोव्हिएत संघाचं विघटन १९९१ मध्ये. ही गल्लत तर फारच होते. अशा जोड्या एका कागदावर समोरासमोर लिही आणि दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहून काढ. नुसतं वाचून त्या डोक्यात राहत नाहीत.

‘सहमत की असहमत’ विचारलं, की पहिल्याच वाक्यात बाजू सांग. मग तीन कारणं, प्रत्येकाला एक खरी घटना. घटनेशिवाय कारण पोकळ वाटतं. व्याख्या मात्र दोन ओळींतच आटप.